जगदेवीच्या नावाचं गिऱ्हाईक

मंगळवारी सव्वाअकराला सर्व्हर गेला तेव्हा दीपमालाच्या काउंटरपुढं नऊ माणसं होती, आणि सर्व्हर गेल्याचं सांगूनही त्यातलं एकही जागचं हललं नाही. सर्व्हर जातो तसा येतो, हे परंड्यातल्या शेंबड्या पोरालाही आता ठाऊक झालंय. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, पीकविमा, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं. स्टँडमागच्या गल्लीतल्या त्या एका शटरात बसून बारा वर्षं ती हेच करत आली होती. सर्व्हर गेला की ती पाण्याचे दोन घोट घ्यायची आणि आपली स्वतःची मेल उघडायची, कारण तिच्यात कधी काही नसायचं, आणि दिवसभर दुसऱ्यांची कागदं बघितल्यावर काही नसलेलं बघायला बरं वाटतं. त्या दिवशी मात्र होतं. इंग्रजीत, चार ओळींचं. कुणी हेन्रिक नावाचा माणूस विचारत होता की जगदेवीतिखट डॉट कॉम हे नाव तुमच्या मालकीचं आहे का, आणि असल्यास विकायचा विचार आहे का. दीपमालानं ते दोनदा वाचलं. मग मान वर करून ती समोरच्या माणसांकडं अशी काही बघायला लागली की पुढच्या बाईनं विचारलं, "आला का सर्व्हर?"

सर्व्हर आला नव्हता. आली होती ती नऊ वर्षांपूर्वीची एक दुपार, सबंधच्या सबंध. जगदेवी म्हणजे दीपमालाची आई. मुरूमला असते, दीपमालाच्या भावाकडं. कर्नाटकच्या वेशीवरचं घर, म्हणून आईला अव्वा म्हणायची रीत. ह्या अव्वाच्या हातचं काळं तिखट मुरूममध्ये नावाजलेलं. लग्नकार्याच्या आधी बायका डबे घेऊन दारात. खोबरं किती भाजायचं हे ती कधी मोजून सांगू शकली नाही, "वास आला की बास" एवढंच म्हणायची, आणि वास कधी आला हे फक्त तिलाच कळायचं. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी दीपमालाच्या डोक्यात आलं की हे तिखट पाकिटात घालून देशभर विकावं. मग तिनं आईच्या नावानं इंटरनेटवर पत्ता घेतला. असला पत्ता कायमचा मिळत नाही. वर्षाचं भाडं भरायचं, भरलं तोवर नाव आपलं, चुकलं की कुणाचंही. तिनं स्वतः बसून पान तयार केलं. वर अव्वाचा फोटो, पदर डोक्यावर, कॅमेऱ्याकडं संशयानं बघणारी. खाली तीन ओळी. दोन ऑर्डरी आल्या, एक पुण्याहून आणि एक चुकून. त्यानंतर अव्वाचा उजवा हात खांद्यात धरला, तिखट थांबलं, परवान्याची कागदं अर्धीच राहिली. पान मात्र तसंच राहिलं, आणि दीपमाला दर वर्षी मुकाट्यानं त्याचं भाडं भरत राहिली. तिचा नवरा अमरसिंह शाळेत क्लार्क आहे, त्याला हे कळलं की तो हसायचा. "पेव रिकामं आणि कुलूप सोन्याचं," म्हणायचा. का भरते, हे तिला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं.

आणि आता कुणालातरी ते नाव हवं होतं. पैशाचा विचार तिच्या डोक्यात आला, नाही असं नाही, पण तो मागच्या बाकावर बसला. पुढं बसला तो एकच प्रश्न: का? ह्या हेन्रिकला जगदेवी हे नाव सापडलं कुठं? तिखट ह्या शब्दाचा उच्चार तरी त्याला करता येत असेल का? सर्व्हर आला, माणसं पुढं सरकली, तिची बोटं आपोआप अर्ज भरत राहिली आणि डोकं भलतीकडंच भटकत राहिलं. एखादी जगदेवी तिकडंही असेल. आळंदची, नाहीतर बसवकल्याणची, लेकाच्या मागं परदेशात गेलेली, थंडीत स्वेटरवर साडी नेसून बसणारी. तिकडच्या घरात खोबरं भाजते, शेजारी तक्रार करतात, आणि कुठला तरी एक शेजारी तक्रार न करता दार वाजवून म्हणतो, बाई, हे काय आहे? हेन्रिक तो शेजारी असेल. दीपमालाला तो दिसायलाच लागला, उंच, नाक लाल, हातात डबा. एका म्हाताऱ्याच्या जन्मतारखेच्या रकान्यात तिनं आजची तारीख घातली, म्हाताऱ्यानंच ती दाखवून दिली आणि वर म्हणाला, "आज जन्मलो तर पेन्शनीला लई दिवस लागतील की ताई."

घरी जायच्या आधी तिनं अव्वाला फोन लावला.

"अव्वा, तुझं नाव कुणीतरी विकत मागतंय."

"कोण?"

"परदेशातला माणूस हाय कुणी."

"माझं नाव घिऊन त्येला काय करायचंय? त्येंच्यात नावं न्हाईत व्हय?"

"तेच तर कळंना मला."

"मग त्येलाच इचार की. मला काय इचारतीस?"

साधा सल्ला होता, पण दीपमालानं तो मानला नाही. विचारलं आणि उत्तर भलतंच निघालं तर, ही भीती होती. तिनं मनात मांडलेली ती स्वेटरवरची साडी, तो लाल नाकाचा शेजारी, हे सगळं मोडलं असतं. म्हणून तिनं हेन्रिकला फक्त एवढंच कळवलं की नाव माझंच आहे आणि तीन हजार डॉलरला देईन. हा आकडा तिनं भीत भीत घातला होता. हेन्रिकनं तासाभरात उलट लिहिलं की चार हजारपर्यंत द्यायची माझी तयारी आहे, काही अडचण नाही. अडचण नाही हे वाचून तिला आनंद झाला, आणि आनंदाच्या तळाशी चपलेत खडा गेल्यासारखं काहीतरी टोचलं, पण चालता येत होतं म्हणून ती चालत राहिली. अमरसिंहला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्यानं मोबाईल हातात घेऊन पत्र वाचलं, चार हजार डॉलरचे रुपये किती होतात ते गुणून बघितलं, मग उठून स्वतः चहा टाकला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. चहा तिच्या हातात देताना तो तिच्याकडं असा बघत होता, जणू ही बाई आपण नीट बघितलीच नव्हती. त्या बघण्यासाठी दीपमालानं नाव फुकटही देऊन टाकलं असतं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. अख्ख्या परंडा तालुक्यात फसवणुकीचा मेसेज कुणाला आला की तो दीपमालाकडं यायचा. वीज तोडणार म्हणून आलेला मेसेज, लॉटरी लागली म्हणून आलेला, तुमच्या पोराला पोलिसांनी धरलंय म्हणून आलेला फोन. लोक मोबाईल पुढं करायचे, ती चष्मा वर सरकवून एक नजर टाकायची आणि म्हणायची, "खोटं हाय. खोडा." काउंटरच्या काचेवर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं की ओटीपी कुणालाही सांगू नका, मलासुद्धा. गेल्या वर्षी हरणाबाई नावाची म्हातारी रिक्षानं धावत आली होती, कानाला फोन, पलीकडचा माणूस तिच्या खात्याचे आकडे विचारतोय. दीपमालानं काउंटरवरून वाकून तो फोन हिसकावून बंद केला होता. तेव्हापासून हरणाबाई तिला पोरी न म्हणता बाईसाहेब म्हणते. असल्या बाईला कोण फसवणार? हा प्रश्न दीपमालाच्या मनात आलाच नाही, आणि सगळी गोम तिथंच होती. तिला ठाऊक असलेले चोर मागायला यायचे. हा द्यायला आला होता.

शुक्रवारी हेन्रिकचं तिसरं पत्र आलं. व्यवहार जवळजवळ ठरला आहे, फक्त एक औपचारिकता. माझ्या गुंतवणूकदारांना ह्या नावाचा मूल्यांकनाचा दाखला लागतो. तो विक्रेत्यानं काढायचा असतो. फुकटात यंत्रावर निघणारे दाखले आमच्याकडं चालत नाहीत, माणसानं तपासून दिलेला हवा. कुठं मिळतो माहीत नसेल तर इथं वाचा, म्हणून त्यानं एका चर्चेचा दुवा दिला होता. तिथं कुणीतरी अगदी हाच प्रश्न विचारला होता आणि चार जणांनी एकाच कंपनीचं नाव सुचवलं होतं. फी एकोणनव्वद डॉलर. दुसऱ्या कुणालाही इथं ठेच लागली असती. दुकानदाराला लागली असती, शेतकऱ्याला लागली असती, शाळेतल्या पोरालाही लागली असती. पण दीपमालानं बारा वर्षं दाखल्यांत काढली होती. तिच्या जगात कुठलीही गोष्ट दाखल्याशिवाय खरी नव्हती. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा दाखला लागतो, नॉन क्रिमीलेअरला जातीचा दाखला लागतो, जातीच्या दाखल्याला आजोबाच्या शाळेचा दाखला लागतो, आणि आजोबा शाळेत गेलाच नसेल तर तो गेला नव्हता ह्याचा कागद लागतो. आणि प्रत्येक कागदाची फी ज्याचं काम आहे त्यानंच भरायची. उलट तो दाखला मागितल्यावर तिचा हेन्रिकवरचा विश्वास वाढला. माणूस कागदोपत्री चालणारा दिसतोय, असं तिला वाटलं. तिनं वहीचं पान फाडून सवयीनं वर लिहिलं, 'लागणारी कागदपत्रे', आणि खाली एकचा आकडा घालून 'मूल्यांकन दाखला' लिहिलं. दोनचा आकडा घालून थोडा वेळ थांबली. दुसरं काही लागतच नव्हतं.

शनिवारी सकाळी शटर अर्धं उघडून ती बसली. गिऱ्हाईक यायला अर्धा तास होता. त्या कंपनीचं पान तिनं उघडलं. निळं पान होतं, वर सोनेरी शिक्का, शिक्क्याखाली हसणारी माणसं. नाव, पत्ता, कार्डाचा नंबर, सगळं एका दमात भरलं. फॉर्म भरण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही. फोन थरथरला. ओटीपी आला. सहा आकडे, दहा मिनिटांची मुदत. ती ते आकडे घालणार तेवढ्यात अर्ध्या शटरखालून एक काठी आत आली आणि काठीमागून हनीफचाचा. हनीफचाचा आता पंच्याऐंशीच्या घरातले. चाळीस वर्षं बैलांच्या बाजारात दलाली केलेला माणूस. मग ट्रॅक्टर आले, बाजार बसला, आणि चाचाही ओट्यावर बसले. त्यांना निराधारची पेन्शन मिळते आणि वर्षातून एकदा ते जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. काउंटरवर माणूस उभं असलं की आधी त्याचं काम, ही दीपमालाची रीत. अंगवळणीच पडलेली. तिनं फोन उपडा ठेवला.

"बसा चाचा. सकाळीच आलात?"

"जिता हाय तोवर सांगून यावं म्हटलं. दुपारचं कुणी बघितलंय." चाचांनी अंगठ्याच्या मशीनवर अंगठा टेकवला. मशीन लाल झालं. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. तर्जनी, मधलं, करंगळी. "न्हाई घेत ते. बोटं झिजली माझी. सगळा जनम रुमालाखाली गेला ना. घेणाऱ्याचा हात, विकणाऱ्याचा हात, मधी माझा, वरनं रुमाल. तोंडानं भाव बोलायचाच न्हाई, बोट दाबून सांगायचा. ह्या बोटांनी किती खिलारी बैल विकले बेटी, आता ह्या मशीनला मी मेलेला दिसतोय."

दीपमाला हसली. चेहऱ्यानं होतं म्हणाली, आणि मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरायला वळली. ॲप उघडायला वेळ लागत होता. चाचा तिच्याकडं बघत होते. बैलाकडं बघून बघून डोळ्यांना जी सवय लागते ती जात नसावी. "काय झालंय?" त्यांनी विचारलं. "मान अशी का धरलीस?" काही नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेली. एक बाई हाय, म्हणाली. तिच्याकडं एक वस्तू हाय. पडूनच हाय वर्षानुवर्षं. तर आता एक गिऱ्हाईक आलंय दूरचं.

"बघून गेलं का वस्तू?"

"न्हाई. लांबनंच."

"भाव किती पाडला?"

"पाडला न्हाई. बाईनं तीन मागितले, तो म्हणला चार देतो."

चाचांची करंगळी मशीनवरच राहिली होती, ती त्यांनी सावकाश उचलली. "मग त्येला बैल नको," ते म्हणाले. "ज्येला घ्यायचा असतो तो आधी खोडी काढतो. शिंगं वाकडी, खूर फुटका, डोळ्यात पाणी. खोडी काढली की समजायचं, याच्या मनात भरला. जो काही न बोलता वरचढ देतो, त्येची नजर बैलावर नसतीच. बरं, इसार किती दिला?"

इसार म्हणजे सौदा ठरला की घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या हातावर ठेवायची रक्कम. दीपमाला लहानपणापासून हा शब्द ऐकत आलेली. पण ह्या चार दिवसांत तो एकदाही तिच्या मनात आला नव्हता.

"इसार न्हाई. त्यानं दाखला मागितलाय. वस्तूची किंमत बरोबर हाय म्हणून. तो बाईनंच काढायचा, तो सांगंल तिथनं. फी बाईनं भरायची."

चाचा हसायला लागले. मोठ्यानं नाही, खांदे हलले फक्त. "चाळीस वर्षांत एक नवीन ऐकलं बघ," ते म्हणाले. "अगं, दात बघायचे ते घेणाऱ्यानं बघायचे. तोंडात हात घालून, स्वतः. विकणाऱ्याला कुणी म्हणतं का, जा बाबा, माझ्या अमक्या पावण्याकडनं दात मोजून आण आन् मोजायचे पैसे तूच दे? त्या बाईला सांग, तो पावणा आन् ते गिऱ्हाईक एकच हाय. दाखल्याचं दुकान हाय ते सगळं." मग त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसणं थांबवलं. ती बाई कोण, हे त्यांनी विचारलं नाही. "काढ फोटू," एवढंच म्हणाले आणि टोपी सरळ केली.

चाचा जिवंत असल्याचं सरकारनं मान्य केलं, कागद घेऊन ते गेले. दीपमालानं फोन उलटा केला तेव्हा ओटीपीची मुदत संपून चार मिनिटं झाली होती. निळं पान पुन्हा प्रयत्न करा म्हणत होतं. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ जे आलं ते तिलाही अनपेक्षित होतं: कुतूहल. हे बनवलंय तरी कसं? कुठलं नाव कधी नोंदलं गेलं हे बघायची सोय असते, तिला ते माहीत होतं, फक्त कधी गरज पडली नव्हती. दाखले देणाऱ्या कंपनीच्या पानावर वीस वर्षांचा अनुभव लिहिला होता. तिचं नाव नोंदून अठरा दिवस झाले होते. ती चर्चा उघडली. प्रश्न विचारणारा आणि उत्तरं देणारे चौघे, पाचही जण एकाच दिवशी, अकरा मिनिटांच्या आत लिहून गेले होते, आणि त्याआधी किंवा नंतर त्यांनी कुठंच काही लिहिलेलं नव्हतं. ती एकेक धागा ओढत गेली आणि शिवण उसवत गेली, आणि खरं सांगायचं तर त्या उसवण्यात तिला मजा येत होती. बाहेर दोघं तिघं येऊन उभे राहिले. "सर्व्हर न्हाई," तिनं बघितल्याशिवायच सांगून टाकलं. बारा वर्षांत पहिल्यांदा ती सर्व्हरच्या नावानं खोटं बोलली.

मग तिनं हेन्रिकला लिहिलं. दाखला तुम्हीच काढा, फी माझ्या किमतीतून वळती करून घ्या. पैसे एखाद्या नावाजलेल्या मध्यस्थाकडं ठेवा, ते तिथं पोचले की नाव तुमच्या हवाली करते. माझ्याकडून एक पैसाही आधी मिळणार नाही. हे लिहिताना तिचा हात ठाम होता. मग तिनं खाली एक ओळ जोडली, आणि ती लिहिताना मात्र ती थांबली, खोडली, पुन्हा लिहिली. तुम्हाला हे नाव कशासाठी हवं आहे? खोटा आहे हे कळलं होतं. तरी तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात ती स्वेटरवरची साडी नेसलेली बाई अजून खोबरं भाजत होती. माणूस लबाड असेल, पण हेच नाव त्यानं का उचललं असेल? काहीतरी असेलच की. एवढ्या नावांतून हेच.

वीस मिनिटांत उत्तर आलं. दाखला विक्रेत्यानंच काढायचा हा आमचा नियम आहे. मध्यस्थ नंतर, आधी दाखला. आणि तुमच्या प्रश्नाबद्दल आभार. कल्याणपेटी डॉट कॉम हे नाव आमच्या ग्राहकाच्या जागतिक प्रकल्पासाठी अत्यंत योग्य आहे. दीपमालानं ते नाव वाचलं, मग परत वाचलं. कल्याणपेटी. पत्र दुसऱ्याचं होतं, नाव बदलायचं राहून गेलं होतं. कुठंच कुणी जगदेवी नव्हती, लाल नाकाचा शेजारी नव्हता, डबा नव्हता. एक यादी होती आणि अव्वाचं नाव तिच्यात कितव्यातरी ओळीवर होतं. दीपमालाला वाईट वाटलं. फीचे साडेसात हजार रुपये वाचले ह्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. चार दिवस तिला वाटत होतं की कुणीतरी जगाच्या पाठीवर त्या पानावर थांबलंय, पदर घेतलेल्या त्या संशयी बाईकडं बघतंय. कुणी थांबलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि काचेपलीकडची माणसं बघतायत हे कळूनही तिनं ते पुसलं नाही.

पण मग हा कल्याणपेटी कोण? तिनं पान उघडलं. आळंदचा पत्ता होता, म्हणजे मुरूमहून तासाभराच्या अंतरावरचं गाव; यादी करणाऱ्यानं भाग धरून केलेली असणार. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कल्याणप्पा नावाच्या माणसाचं पान होतं ते, अर्धं कानडीत आणि अर्धं मराठीत. भजनी मंडळांच्या पेट्या कुठल्या कुठल्या गावांहून येतात त्याची यादी, पितळी सुरपट्ट्या कानसून सूर कसा उतरवतात आणि कसा चढवतात त्याबद्दल दोन परिच्छेद, आणि एक फोटो: मांडीवर उघडी पेटी घेऊन बसलेला सत्तरीचा माणूस, तोंडात एक बारीक स्क्रू धरलेला, त्यामुळं हसता न आलेला. दीपमालानं सगळं पान शेवटपर्यंत वाचलं. कानडी भागही अक्षर अक्षर लावून वाचला. खाली मोबाईल नंबर होता, तो तिनं लावला.

"हॅलो, कल्याणप्पा पेटीवाले का?"

"व्हय. कुठलं गाव?"

"परंड्याहून बोलते, दीपमाला. पेटीचं काम न्हाई. काका, तुमचं इंटरनेटवरचं नाव कुणी विकत मागतंय का?"

"तुमाला कसं कळलं? तुमी त्येंच्यातल्या का?"

"न्हाई. मलाबी तसलंच पत्र आलंय. तो दाखला काढा म्हणतो ना, त्याचे पैसे भरू नका."

"भरले की," कल्याणप्पा म्हणाले. "सकाळीच. नातीनं भरून दिले."

दीपमालानं तिच्या काउंटरवरच्या आवाजात सगळं सांगितलं, एकेक करून. एक नऊ तीन शून्य ह्या सायबर पोलिसांच्या नंबरवर आत्ताच्या आत्ता तक्रार करा. बँकेला सांगून कार्ड बंद करा, कारण कार्डाचा नंबर आता त्यांच्याकडं गेलाय. ती पत्रं खोडू नका, पोलीस मागतील. पलीकडं ते लिहून घेत होते. प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवत होते. पाठीमागं कुठंतरी पेटीचा एकच सूर कुणी दाबून धरला होता, तो सुटला.

"पैसं गेलं तर गेलं, ताई," ते म्हणाले. "एक इचारू? म्हणजे त्येला माझं नाव नकोच हुतं?"

"न्हाई, काका."

"मी घरात सगळ्यांना सांगून बसलो. पेढं आणलं." मग म्हणाले, "मला वाटलं, कुणीतरी माझी पेटी ऐकली आसंल."

काउंटरच्या काचेपलीकडं आता सात माणसं होती आणि सगळी तिच्याकडं बघत होती. जे खरं होतं तेच दीपमाला बोलली. "मलाबी तसंच वाटलं होतं. माझ्या आईच्या नावाचं." पुढं म्हणाली, "पण तुमचं पान मी सगळं वाचलं. सूर चढवायला कुठल्या टोकाला कानसायचं आन् उतरवायला कुठल्या, ते मला कळलं न्हाई. ते नीट सांगा मला."

"सांगतो की," कल्याणप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जरा जीव आला. "आधी बँकेचं उरकतो. नातीच्या फोनवरनं लावतो, तुमी ह्यो ठेवू नका."

तिनं ठेवला नाही. फोन कुठंतरी लाकडावर टेकवल्याचा आवाज आला. नातीला हाक मारल्याचं ऐकू आलं, आकडे दाबल्याचं ऐकू आलं, मग बराच वेळ बँकेचं संगीत. काचेवर कुणीतरी बोट वाजवलं. दीपमालानं हात वर करून थांबायची खूण केली. संगीत थांबलं. पलीकडच्या माणसानं काहीतरी विचारलं असावं, कारण कल्याणप्पांनी घसा साफ केला आणि आपलं नाव सांगितलं. त्याला ते नीट कळलं नसावं. मग त्यांनी ते पुन्हा सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट, एकेक अक्षर सुटं करून, चांगल्या मोठ्या आवाजात. दीपमालानं समोरचा 'लागणारी कागदपत्रे' लिहिलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला ते नाव जसंच्या तसं लिहून घेतलं.